म्हातारपणी हाडं ठिसूळ का होतात आणि घरच्या घरी नक्की काय काय करायचं

सुरुवातीलाच एक गोंधळ मिटवून टाकू, कारण निम्मी लोकं इथेच चुकतात. आईचे गुडघे दुखतायत, जिना उतरताना कळ येते, डॉक्टर म्हणाले झीज झालीय, की लगेच घरात कॅल्शियमची बाटली येते. गुडघ्याची झीज हा सांध्यातल्या कुर्चेचा प्रॉब्लेम आहे, त्याला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात, आणि हाडं ठिसूळ होणं म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हा पूर्ण वेगळा विषय. ठिसूळपणा दुखत नाही. १०-१५ वर्षं आतल्या आत हाड पोकळ होत जातं आणि माणसाला काही म्हणता काही कळत नाही, कळतं ते एकदम मोडल्यावर. त्यामुळे "आमच्या बाबांना काही दुखत नाही हो, हाडं एकदम मजबूत आहेत" हे वाक्य ऐकलं की मला जास्त काळजी वाटते.

आता होतं काय ते बघू. हाड आपल्याला दगडासारखं निर्जीव वाटतं पण त्यात सतत काम चालू असतं, काही पेशी जुनं हाड खणून काढतात आणि काही पेशी तिथे नवीन भरतात. आपल्याकडच्या रस्त्यांचं डोळ्यासमोर आणा, खणणारी टोळी वेळेवर येते, २-३ आठवड्यांत खड्डा करून मोकळी होते, बुजवणाऱ्या टोळीला मात्र ३-४ महिने लागतात. तरुणपणी दोघांचा हिशोब जुळतो, साधारण पंचविशी-तिशीपर्यंत हाडं भरत जातात, मग काही वर्षं बरोबरीत चालतं, आणि चाळिशीनंतर भरणारे थोडे थोडे मागे पडायला लागतात. बायकांमध्ये खणणाऱ्यांवर लगाम ठेवायचं काम इस्ट्रोजेन हे हार्मोन करतं, आणि पाळी गेली की तो लगाम सुटतो. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ च्या आसपास जाते, आणि त्यानंतरची पहिली ५-७ वर्षं सगळ्यात वाईट, एवढ्या काळात हाडांची घनता काही जणींची २० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. म्हणजे आई ६५ ची झाल्यावर आपण जागे होतो तेव्हा मोठं नुकसान आधीच होऊन गेलेलं असतं, हे वाचणाऱ्या पंचेचाळिशीतल्या ताईंनी स्वतःसाठीसुद्धा लक्षात ठेवा. पुरुषांचं हळूहळू होतं, १० वर्षं उशिरा म्हणा, पण होतं नक्की, आणि खुबा मोडल्यावर पुरुष जास्त दगावतात.

मनगट, मणका आणि खुबा हीच तीन ठिकाणं जास्त मोडतात, त्यालाही कारण आहे. तिथे हाड आतून जाळीदार असतं, जाळीला पृष्ठभाग जास्त, म्हणून खणणाऱ्यांना जागा जास्त, म्हणून तिथलं आधी जातं.

अजून एक गोष्ट, जी रिपोर्ट हातात आल्यावर सगळ्यांना फसवते. रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं म्हणजे हाडं चांगली असं अजिबात नाही. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडात आणि दातात असतं, रक्तात अगदी थोडं, पण ते थोडं हृदयाला आणि स्नायूंना एवढं गरजेचं आहे की ते कमी पडलं की मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडातून काढून रक्तात आणून देतात. म्हणजे रक्ताचा रिपोर्ट छान ठेवण्यासाठीच हाडं रिकामी होत असतात! म्हणून हाडांची घनता बघायची तर डेक्सा स्कॅन करायचा. साधी टेस्ट आहे, १०-१५ मिनिटं पडून राहायचं, सुई नाही काही नाही. त्यात टी-स्कोर नावाचा आकडा येतो, उणे १ किंवा त्याच्या वर असेल तर ठीक, उणे १ आणि उणे २.५ च्या मध्ये असेल तर हाडं कमी व्हायला लागलीयत, आणि उणे २.५ किंवा त्याहून खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. कंबर आणि खुबा दोन्हीचा करायला सांगा, कारण म्हाताऱ्या मणक्यांवर हाडाचे काटे वाढलेले असतात त्याने कमरेचा आकडा खोटाच चांगला दिसतो. बायकांनी ६५ ला आणि पुरुषांनी ७० ला एकदा करावाच, आणि आधी कधी साध्या पडण्याने हाड मोडलं असेल, आईवडिलांपैकी कोणाचा खुबा मोडला असेल, पाळी लवकर गेली असेल, स्टिरॉइड चालू असतील तर त्याच्या आधीच. सोसायटीत रविवारी फुकट शिबिर लागतं, टाचेवर मशीन लावून दोन मिनिटांत "तुमची हाडं कमजोर आहेत" सांगतात आणि शेजारच्याच टेबलावर गोळ्या ठेवलेल्या असतात, ती टाचेची टेस्ट फार तर पुढे तपासा एवढंच सांगू शकते, त्यावर कोणी औषध सुरू करू नका.

स्कॅनला जायच्या आधी घरीच एक गोष्ट करा. भिंतीला टेकवून उंची मोजा. तरुणपणच्या उंचीपेक्षा ४ सेंटीमीटर किंवा जास्त कमी झाली असेल तर मणका दबला असण्याची शक्यता आहे. तरुणपणची उंची आठवत नसेल तर आईला विचारा तिचे जुने परकर आता लांब होतात का, साडी खाली लोळते का. आणि आजीला बादली उचलताना कंबरेत एकदम कळ आली, सगळे म्हणाले उसण भरली, कोणीतरी लाटण्याने नाहीतर पायाने कंबर चोळून दिली, दोन आठवडे झोपून काढले, हा किस्सा घराघरात असतो. त्यातल्या काही उसणी म्हणजे मणक्याचं फ्रॅक्चर असतं. साठीनंतर पाठीत अचानक उठलेलं दुखणं ४-५ दिवसांत उतरलं नाही तर एक्स-रे काढा, चोळू नका.

आता जेवण. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशोबाने मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलीग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी गेलेल्या बाईला १२००. आकडा मोठा वाटतो पण आपल्या जेवणात बसवता येतो. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण साडेतीनशे मिलीग्रॅम असतं, म्हणजे दोन भाकऱ्यांत पावणेतीनशेच्या आसपास. एक ग्लास दुधात साधारण २४०. वाटीभर दही धरा दीड-पावणेदोनशे. चमचाभर तिळाची चटणी, तीळ १० ग्रॅम असतील तर शंभरच्या वर. झाले की आठशे! बाकीचं डाळ, भाजी, शेवग्याचा पाला, राजगिरा यातून येतं. कोकणातल्या लोकांना बारीक सुकट, मांदेली काट्यासकट खायची सवय असेल तर ती मोडू नका, खरं कॅल्शियम त्या काट्यातच असतं. नाचणीतलं सगळं शरीराला लागत नाही हे खरं, त्यात कॅल्शियम धरून ठेवणारं फायटेट असतं, म्हणून आंबवून केलेली आंबील जास्त चांगली. पालकात आकडा मोठा दिसतो पण ऑक्झलेटमुळे पोटात फारसं शोषलंच जात नाही, पालक बाकी गुणांसाठी खा. आणि ताक. आपल्याकडे ताक म्हणजे चार चमचे दह्यात तांब्याभर पाणी, ते पिऊन तहान भागते, कॅल्शियमचा हिशोब त्यावर करू नका, सरळ दही द्या. तूप खाल्लं की सांध्यांना वंगण मिळतं हेही ऐकून असाल, तुपात कॅल्शियम जवळपास नसतंच, चवीसाठी खावं.

पण माझं मत विचाराल तर म्हाताऱ्या माणसांच्या ताटात कॅल्शियमपेक्षा प्रोटीनची बोंब जास्त असते. दात नाहीत किंवा कवळी टोचते, मग सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी मऊ भात नि पातळ वरण, संध्याकाळी चहा-टोस्ट, रात्री दूध-पोळी कुस्करून किंवा "मला भूक नाही तुम्ही जेवा", त्यात एकादशी, संकष्टी, गुरुवार. हाडाचा सांगाडाच मुळात प्रोटीनचा असतो आणि त्यावर कॅल्शियम बसतं, शिवाय पाय लटपटायला लागतात ते स्नायू गेल्यामुळे. वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज निदान १ ग्रॅम प्रोटीन पोटात जायला पाहिजे, म्हणजे ५५ किलोच्या आईला ५५ ग्रॅम. घट्ट वरण, मुगाचं धिरडं, पनीर कुस्करून, चालत असेल तर अंडं, दाण्याचं कूट सढळ हाताने. (किडनीचा त्रास असेल तर हे डॉक्टरांना विचारून.)

कॅल्शियमची गोळी घ्यायची का? जेवणातून भागत नसेल तेवढ्यापुरती घ्या, पण नीट घ्या. पाकिटावर कॅल्शियम कार्बोनेट १२५० लिहिलेलं असतं त्यातलं खरं कॅल्शियम ५०० असतं, तो आकडा बघा. एका वेळी ५०० पेक्षा जास्त शरीर नीट घेत नाही म्हणून दोन गोळ्या एकदम घेऊ नका. कार्बोनेट जेवणासोबत घ्यायची, पोटातलं ॲसिड लागतं तिला, आणि ज्यांना रोज सकाळी ॲसिडिटीची कॅप्सूल चालू आहे त्यांना कॅल्शियम सायट्रेट जास्त बरं पडतं. थायरॉइडची आणि लोहाची गोळी कॅल्शियमबरोबर अजिबात नाही, थायरॉइडच्या गोळीत आणि कॅल्शियममध्ये ४ तासांचं अंतर पाहिजे. सकाळी सगळ्या गोळ्या तळहातावर घेऊन एका घोटात संपवायची सवय कितीतरी घरांत आहे, आणि मग थायरॉइडच्या रक्ततपासणीतला टीएसएच वाढला म्हणून थायरॉइडचा डोस वाढतो! मुतखडा झालेला असेल तर आधी विचारा.

व्हिटॅमिन डी नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून फारसं आत जात नाही, आणि एवढं ऊन असलेल्या देशात ते कमी असलेली माणसं ढिगाने आहेत. एक कारण म्हणजे आपण सगळे सकाळचं कोवळं ऊन घेत बसतो. ते छान वाटतं, पण त्वचेत डी बनवणारे यूव्हीबी किरण त्यात फार कमी असतात. सोपा नियम असा, आपली सावली आपल्या उंचीपेक्षा छोटी पडेल ते ऊन कामाचं. हिवाळ्यात पुण्या-मुंबईकडे ते साडेअकरा ते दीडच्या मधे येतं, मे महिन्यात सकाळी साडेनऊलाच सावली छोटी झालेली असते त्यामुळे नागपूर-अकोल्याकडच्यांनी उन्हाळ्यात दुपारी गच्चीवर जायचा वेडेपणा करू नका, उष्माघात होईल. हात, पाय, मान उघडी ठेवून १५-३० मिनिटं, आठवड्यातून ३-४ वेळा. बाल्कनीच्या बंद काचेमागे बसून काही उपयोग नाही, काच ते किरण अडवते. आणि सत्तरीतली त्वचा विशीतल्या त्वचेच्या निम्मंसुद्धा डी बनवत नाही, शिवाय आपला रंग सावळा, म्हणून बऱ्याच जणांना औषध लागतंच. ती ६०,००० युनिटची सॅशे किंवा कॅप्सूल आठवड्यातून एक, साधारण ८ आठवडे, नंतर महिन्याला एक असं डॉक्टर देतात. इथे दोन चुका होतात. एक म्हणजे दर आठवड्याची म्हणून सांगितलेली रोज घेतली जाते, खरंच होतं असं, चिठ्ठी नीट वाचून दाखवा. दुसरी म्हणजे ८ आठवड्यांची चिठ्ठी घेऊन मेडिकलवाल्याकडून वर्षानुवर्षं दर आठवड्याला आणत राहतात. डी जास्त झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं, उलट्या, बद्धकोष्ठता, गोंधळल्यासारखं बोलणं, किडनीवर ताण, आणि घरच्यांना वाटतं वयामुळे विसरायला लागले.

आता हाडांना कारण द्या मजबूत राहायचं. हाडावर वजन पडलं, ओढ बसली तरच भरणाऱ्या पेशी कामाला लागतात, अंतराळवीर व्यायाम नीट केला नाही तर खुब्याचं हाड महिन्याला १ ते दीड टक्का गमावतात आणि ती धडधाकट माणसं असतात. त्यामुळे "आई तू बस गं, मी करते" हे प्रेम हाडांना महागात पडतं. चालणं चांगलंच, पण बागेत गप्पा मारत एक फेरी एवढ्याने पुरत नाही. घरातल्या घरात हे करून घ्या: खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं १० वेळा, सकाळ-संध्याकाळ. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा वर उचलणं. ओटा धरूनच एका पायावर १०-१० सेकंद उभं राहणं, जमायला लागलं की एका बोटाचा आधार. एक मजला जिना, कठडा धरून. दोन हातात पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या घेऊन वर-खाली. योगासनं करत असतील तर ऑस्टिओपोरोसिस असताना पुढे वाकून पायाचे अंगठे धरायची आसनं, पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन आणि कंबरेला जोरात पीळ देणारं सगळं बंद, मणक्याच्या पुढच्या बाजूवर दाब येऊन तो चेपतो, भुजंगासनासारखं हलकं मागे वाकणं त्या मानाने बरं. सूर्यनमस्कार ५० वर्षं घालतोय म्हणणाऱ्या बाबांना हे सांगणं अवघड आहे, मला माहितीये, म्हणून ते डॉक्टरांच्या तोंडून वदवून घ्या.

आणि आता सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम. हाड मोडायला दोन गोष्टी लागतात, ठिसूळ हाड आणि पडणं. ठिसूळ हाड सुधारायला वर्षं लागतात, पडण्याचा धोका मात्र याच शनिवारी दुपारी बराच कमी करता येतो. बाथरूममध्ये भिंतीत स्टीलचा दांडा बसवा, कमोडच्या बाजूला एक आणि आंघोळीच्या जागी एक, प्लंबरकडून ड्रिल करूनच, चिकटवायचा घेऊ नका, वजन टाकल्यावर तो हातात येतो. आंघोळीला प्लॅस्टिकचं स्टूल ठेवा, रबरी पाय असलेलं. दाराशी जे जुन्या चादरीचं पायपुसणं सरकत असतं ते आजच फेका. पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर रात्री झिरोचा दिवा चालू ठेवा, चार्जरच्या वायरी, शोभेचा गालिचा, मधेच ठेवलेलं टीपॉय सगळं हलवा. घरात झिजलेली स्लिपर घालतात ती बदला, मागे पट्टा असलेली घ्या. साडी घोट्याच्या वर नेसायला सांगा, गाऊन लांब असेल तर कापून शिवून घ्या. मुलं अमेरिकेत नि आई-बाबा कोथरूडात असं असेल तर पुढच्या व्हिडिओ कॉलवर बाबांना म्हणा फोन घेऊन रात्री पलंगापासून बाथरूमपर्यंत चालत जा, मी बघतो, तुम्हाला पाच मिनिटांत सगळं दिसेल.

औषधांचा डबाही त्याच दिवशी उघडा. झोपेची गोळी, अल्प्राझोलामसारखी, वर्षानुवर्षं चालू असेल तर पडण्याचं मोठं कारण तीच असते (पण एकदम बंद करू नका, हळूहळू कमी करावी लागते). बीपीच्या नि प्रोस्टेटच्या गोळ्यांनी उठून उभं राहिलं की चक्कर येते, म्हणून रात्री लघवीला उठताना आधी पलंगावर दोन मिनिटं पाय सोडून बसायचं ही सवय लावा. मोतीबिंदू "पिकू दे मग बघू" म्हणून ठेवला असेल तर करून टाका. दम्याला किंवा सांधेवाताला स्टिरॉइडच्या गोळ्या ३ महिन्यांहून जास्त चालू असतील तर हाडांबद्दल त्या डॉक्टरांना स्वतःहून विचारा. आणि गुडघेदुखीवर कोणीतरी कुठून तरी आणलेल्या बिनलेबलच्या पुड्या, ज्या घेतल्या की दोन दिवसांत जादू होते, त्यात बऱ्याचदा स्टिरॉइडच मिसळलेलं असतं, तोंड सुजल्यासारखं गोल झालं, साखर वाढली की संशय घ्या. बिडी-सिगारेट हाडांना वाईट, दारूही.

घरी एक छोटी परीक्षा घ्या. खुर्चीतून उठायचं, १० फूट चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, रोजच्या चालीने. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे, काठी द्या. काठी म्हटली की "मी काय म्हातारा झालो का" हे होणारच, छत्री द्या मग.

स्कॅनमध्ये ऑस्टिओपोरोसिस निघाला तर नुसत्या कॅल्शियम-डीने भागत नाही, खणणाऱ्या पेशींना आवरणारं औषध लागतं. त्यातलं जुनं नि स्वस्त म्हणजे अलेंड्रोनेट ७० मिलीग्रॅम, आठवड्यातून एकदा, आणि ते घ्यायची पद्धत सोवळ्यासारखी कडक आहे: उठल्यावर उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, मग अर्धा तास आडवं पडायचं नाही आणि चहासुद्धा नाही. आडवं पडलं तर गोळी अन्ननलिकेला भाजल्यासारखी जखम करते, चहाबरोबर घेतली तर अंगाला लागतच नाही. ज्यांना हे जमणार नाही त्यांना झोलेड्रोनिक ॲसिडचं सलाइनमधून वर्षातून एकदा, त्यानंतर एक-दोन दिवस ताप, अंगदुखी येऊ शकते, घाबरू नका. डेनोसुमॅबचं इंजेक्शन ६ महिन्यांनी असतं, आणि त्याची तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवा, कारण ते मधेच सोडलं तर थांबवलेली झीज उसळी मारून येते आणि एकामागून एक मणके मोडू शकतात, बंद करायचं असेल तर त्याजागी दुसरं औषध देऊनच. दात काढायचा असेल किंवा इम्प्लांट बसवायचं असेल तर शक्यतो ही औषधं सुरू करायच्या आधी उरका, आणि सुरू असतील तर डेंटिस्टला सांगा, जबड्याचं हाड न भरण्याचा प्रकार क्वचित होतो.

एवढं करूनही पडले तर? घाईने काखेत हात घालून उभं करू नका. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसतोय, टाच उचलता येत नाही, जांघेत दुखतंय, म्हणजे खुबा मोडला असं धरून चाला, पाठीवर सरळ ठेवा, ॲम्ब्युलन्स बोलवा, तेल लावून चोळायला किंवा हाडवैद्याकडे नेऊ नका. खुब्याचं ऑपरेशन शक्यतो २४ ते ४८ तासांत व्हावं. "वय ८२, आता कशाला ऑपरेशन, पडून राहू दे" असं नातेवाईक म्हणतील, पण पडून राहण्यातच न्यूमोनिया, पायात गुठळ्या, पाठीला जखमा हे सगळं येतं, खुबा मोडल्यावर वर्षभरात दगावणाऱ्यांचं प्रमाण २० ते ३० टक्के सांगतात त्यात याचा वाटा मोठा आहे. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी फिजिओवाले उभं करायला आले तर "आज राहू दे, दुखतंय तिला" म्हणून परत पाठवू नका. आणि डिस्चार्जचा कागद हातात आला की त्यावर बघा, पेनकिलर, अँटिबायोटिक, कॅल्शियम असतं, ठिसूळ हाडाचं औषध बऱ्याचदा नसतं, कारण मोडलेलं हाड जोडून झालेलं असतं. मनगट मोडलं तेव्हाही हेच झालेलं असतं, प्लास्टर काढलं, विषय संपला. एकदा मोडलं की पुढचं मोडण्याचा धोका दुपटीच्या आसपास जातो, म्हणून घरी निघायच्या आधी तिथेच उभं राहून विचारा, डॉक्टर, ऑस्टिओपोरोसिसचं औषध कधी सुरू करायचं आणि डेक्सा कधी.